जाहीर आभाराची बाग

मला बाग नको होती, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. हल्ली सोसायटीत कोणाकडे पाहुणा आला की आमचे सेक्रेटरी जयसुखभाई त्याला गॅलरीत नेतात, खाली बोट दाखवतात आणि "ये अपने काशीभाई का गार्डन" म्हणतात. पाहुणा मग माझ्याकडे मी कोणी मोठा निसर्गप्रेमी असल्यासारखा बघतो. निसर्गाशी माझा संबंध कोथिंबिरीच्या जुडीपलीकडे कधी गेलेला नाही. मला फक्त रविवारी दुपारी दोन ते चार झोप हवी होती. ती मागायला गेलो आणि तीन महिने कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या.

त्र्याण्णव साली आम्ही गिरगावातली खोली सोडून मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कच्या थोडं पुढे, 'गुलमोहर छाया' सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. सोसायटीत गुलमोहर नव्हता आणि छाया फक्त पाण्याच्या टँकरची पडायची. पण बिल्डरच्या छापील पुस्तिकेत इमारतीमागे हिरवीगार बाग होती, कारंजं होतं आणि लाल चेंडू घेऊन धावणारी एक गोरी मुलगी होती. त्या चित्राला भुलून मी 'गार्डन व्ह्यू'वाला फ्लॅट हट्टाने घेतला. पहिल्या दिवशी ऐटीत खिडकी उघडली, तर कमरेएवढं गवत, फुटके कमोड आणि तीन म्हशी. गिरिजाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, बराच वेळ बाहेर बघितलं आणि "यातली चेंडूवाली कुठली?" असं विचारलं. नवऱ्याने प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलंच पाहिजे असा काही कायदा नाही.

आमच्या शेजारी सहादेव सोनकांबळे राहायचा. टेलिफोन खात्यात नोकरीला, मूळचा उदगीरकडचा आणि स्वभावाने अत्यंत सज्जन. सज्जन शेजारी मिळणं ही खरं तर अडचणच, कारण त्याच्याशी भांडता येत नाही. दिवाळीनंतर त्याने गावाहून आईला आणलं. तुळसाबाई त्यांचं नाव. शेतात पाय घसरून मांडीचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण डॉक्टरांनी बजावलं होतं की रोज तासभर चालायचं, तेही मऊ जमिनीवर, नाहीतर पाय आखडून बसेल. आता मीरा रोडला मऊ जमीन आणायची कुठून? रस्ता बारा महिने खोदलेला. उरलेल्या भागावर रिक्षा. त्यामुळे तुळसाबाई आमच्या दारासमोरच्या पॅसेजमध्ये फरशीवर काठी टेकत चालायच्या. टक्, टक्, टक्. त्यासाठी त्यांनी वेळही अशी निवडली होती की कोणाला अडचण होऊ नये. दुपारी दोन ते चार.

संक्रांतीनंतरच्या रविवारी माझा संयम संपला. मी एका विमा कंपनीच्या जावक विभागात बावीस वर्षं मसुदे लिहीत होतो, त्यामुळे भांडायलासुद्धा तयारीनिशी जातो. मनात तीन वाक्यांचा मसुदा केला, शर्ट घातला आणि दार उघडलं. समोर तुळसाबाई भिंतीला हात टेकून दम खात उभ्या होत्या.

"तुमची झोप मोडतीया, ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "थोडे दिस दम धर लेकरा. चौदा एप्रिलची जयंती बगते, नातवंडांसंगं निळा झेंडा लावते, अन् जाते गावाकडं."

सहादेव दारातच होता. त्याचा चेहरा पडला. आत कॉटखाली एक पत्र्याची पेटी होती. बैलगाडीवर कडबा बांधायचा असतो तसला लांबलचक दोर त्या पेटीला आठ-दहा वेढे घालून गच्च बांधला होता. गावाहून आली तेव्हापासून त्यांनी ती सोडलीच नव्हती. कपडे पिशवीतून वापरत होत्या.

"माय, गावाला तुझं बघायला कोण आहे?" सहादेव म्हणाला. "घराला कुलूप आहे."

"भुई हाय की," तुळसाबाई म्हणाल्या. "हितं पाय टेकायला भुई न्हाई."

माझा तीन वाक्यांचा मसुदा मी मनातच फाडून टाकला. मला फार वाईट वाटलं, हे मी कबूल करतो. आणि मला वाईट वाटलं की मी हमखास काहीतरी बोलून बसतो. मी म्हणालो, "मावशी, इमारतीमागची जागा बागेसाठीच राखीव आहे. सरकारी नकाशात हिरवी दाखवलीय. जयंतीच्या आत तिथे तुम्हाला चालायला जागा करून देतो. शब्द आहे माझा."

घरी आल्यावर गिरिजा म्हणाली, "पॅसेजमधला बल्ब सहा महिने बदलवता आला नाही अहो तुम्हाला." बल्बचा प्रश्न वेगळा होता. त्यात उंचीचा मुद्दा होता. पण मी वाद घातला नाही आणि अर्ज लिहायला बसलो.

अर्ज उत्तम उतरला होता. विषय, संदर्भ, महोदय, सविनय, सबब, कळावे. सार्वजनिक जागा ही जनतेसाठी असून तिच्यावर निधी खर्च करणे हे कसे उचित आहे, हे मी दीड पानात असं मांडलं होतं की वाचणाऱ्याने तिथल्या तिथे रोप लावायला बाहेर पडावं. पण त्यावर सह्या घ्यायच्या होत्या, आणि आमच्या सोसायटीत सही फुकट मिळत नाही. पहिल्या मजल्यावरच्यांनी 'बागेत स्कूटर ठेवायला शेड असावी' एवढी एक ओळ घातली तरच सही करू म्हटलं. दुसऱ्या मजल्यावरच्यांना बागेला कुलूप हवं होतं आणि किल्ली स्वतःकडे हवी होती. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी झाडांमुळे डास होतात म्हणून बागेत झाडं नसावीत असं सुचवलं. मी सगळं ऐकून घेतलं, कोणाचंच लिहिलं नाही, आणि सगळ्यांना लिहिलंय असं सांगितलं. सार्वजनिक कार्यात एवढं करावंच लागतं.

अर्ज घेऊन मी कचेरीत गेलो. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही, माझी अजून तिथे कामं आहेत. उद्यानाच्या टेबलावर गुणवंत नावाचे गृहस्थ होते. टेबलावर शाईच्या बाटलीत एक मनीप्लँट होता आणि त्या वेळी आमच्या भागातलं तेच काय ते सरकारी उद्यान होतं. गुणवंतांनी अर्ज दोनदा वाचला.

"छान लिहिलंय. कुठं असता?"

"विमा कंपनीत. जावक विभागात."

"वाटलंच," ते म्हणाले, आणि आम्हा दोघांत क्षणभर बंधुभाव निर्माण झाला. मग त्यांनी बंधुभावानेच सांगितलं की जागा बागेसाठी राखीव आहे हे नकाशावरून बघावं लागेल, नकाशा कपाटात आहे, कपाटाची किल्ली शिरोडे नावाच्या माणसाकडे आहे, आणि शिरोडे लग्नाच्या रजेवर चिपळूणला गेलेत. स्वतःच्या लग्नाच्या, त्यामुळे रजा मोठी होती. किल्ली ते बरोबर घेऊन गेले होते.

मी दर शनिवारी हाफ डेला जायचो. शिरोडे आले तेव्हा फेब्रुवारी अर्धा संपला होता. त्यांनी मला पेढा दिला. नकाशा निघाला, त्यात आमची जागा खरोखरच हिरवी निघाली, आणि मला इतका आनंद झाला की मी शिरोड्यांना सुखी संसाराचा आशीर्वाद दिला. मग फाइल चालायला लागली. ती तुळसाबाईंपेक्षा हळू चालत होती, पण चालत होती. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ती साहेबांच्या टेबलावर पोचली आणि तिथे बसली. गुणवंत म्हणाले, "एकतीस मार्चच्या आत सही झाली नाही, तर या वर्षीचा बागांचा निधी परत जाईल. मग पुढल्या वर्षी नवा अर्ज."

इकडे पॅसेजमधली टक्-टक् मंदावली होती. आधी दहा फेऱ्या व्हायच्या, आता सहावरच त्या बसून घ्यायच्या. सहादेवने एकोणीस एप्रिलची उदगीरकडची दोन तिकिटं काढली. एक स्वतःचं, आईला पोचवायला. परतीचं मात्र एकच होतं. त्याने ते मला दाखवलं नाही, पंचशीलाने, त्याच्या बायकोने, गिरिजाला सांगितलं.

त्याच संध्याकाळी जयसुखभाई घरी आले. त्यांचं केबिन रोडला स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यांना त्या दुकानात मिळालेली आहेत.

"काशीभाई, तुम अर्जी करता है, ये गलत है," ते म्हणाले. "अर्जी में आदमी ना बोल सकता है. तुम थँक यू बोलो. मेरी दुकान में ग्राहक अंदर आया, मैं पहेले ही थँक यू बोलता हूँ. फिर वो खाली हाथ जाने को शरमाता है. एक बोर्ड लगाओ. जाहीर आभार."

आता आमच्या भागात जाहीर आभाराचे बोर्ड नळापेक्षा जास्त. गटारावर फरशी पडली, आभार. दिवा लागला, आभार. दिवा लागायच्या आधीही आभार लागतात, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. मला ती युक्ती एकदम पटली. आणि खरं सांगायचं तर बोर्डाचा मसुदा मीच लिहिणार होतो, याचाही परिणाम झाला.

केबिन रोडच्या पेंटरने आठ फुटी बोर्ड रंगवला. 'या ठिकाणी नागरिकांसाठी भव्य उद्यान दिल्याबद्दल जाहीर आभार.' खाली सोसायटीचं नाव, कोपऱ्यात दोन गुलाब. दोन बांबू रोवून आम्ही तो गवतात उभा केला. जयसुखभाई म्हणाले, फोटो काढा, साहेबांना पाठवू. पण फोटोत मागे म्हशी येत होत्या. तेव्हा प्रत्येक घरातून गॅलरीतल्या कुंड्या खाली आणल्या. तुळस, कोरफड, क्रोटन, जास्वंद, अशा चाळीसेक कुंड्या बोर्डासमोर मांडल्या. गवत झाकलं, कमोड झाकले, म्हशी हाकलल्या. चौथ्या मजल्यावरच्या झाडविरोधी बाईसुद्धा शेवंती घेऊन उभ्या राहिल्या. फोटो असा आला की बघून मलाच तिथे जाऊन बसावंसं वाटलं. तो फोटो मी आभारपत्राला जोडला आणि माझ्या सवयीप्रमाणे वर जावक क्रमांक घालून, खाली 'प्रत माहितीसाठी' लिहून कचेरीतल्या सातही टेबलांना एकेक प्रत दिली. बावीस वर्षांत माझी एकही प्रत चुकीच्या टेबलावर गेलेली नाही.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मी गेलो तेव्हा गुणवंत लांबूनच हसले. "चेंदवणकर, तुमचं काम झालं," म्हणाले आणि कागद हातात दिला. मी उभ्याउभ्याच वाचला. 'सदर उद्यान पूर्ण झाल्याबाबत नागरिकांचे आभारपत्र व छायाचित्र प्राप्त. सबब नवीन निधीची आवश्यकता नाही. प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.' खाली साहेबांची सही. तीस मार्चची. जी सही मिळावी म्हणून मी अडीच महिने तळमळत होतो, ती मिळाली होती.

"अहो, पण बाग नाहीये तिथे," मी म्हणालो.

"फोटोत आहे," गुणवंत म्हणाले. "सातही टेबलांवर आहे."

माझी काय अवस्था झाली ते एखाद्या जावकवाल्यालाच कळेल. 'सबब प्रकरण निकाली' हे वाक्य मी आयुष्यभर लोकांना पाठवत आलो होतो. ते पाठवताना समोरच्याला काय होत असेल, याचा मी कधी विचार केला नव्हता. त्या दिवशी बसस्टॉपवर उभा राहून केला.

सोसायटीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. जयसुखभाई म्हणाले, "आइडिया सही था, थोडा ज्यादा चल गया." गिरिजा हसली, मग माझं तोंड बघून तिने मी न मागता चहा दिला. चहा पिऊन मी मान खाली घालून शेजारी गेलो आणि मावशींना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या काहीतरी बोलतील. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "माज्यापायी लई पळालास लेकरा," म्हणाल्या. त्यापेक्षा त्यांनी काठीने मारलं असतं तर बरं झालं असतं.

आणखी आठवडा गेला, जयंतीला तीन दिवस राहिले. सोमवारी सकाळी मी डबा घेऊन खाली उतरलो, तर बोर्डासमोर एक माणूस उभा. खाकी शर्ट, खांद्यावर कुदळ, हातात खुरपं आणि खिशात कागद. तो बोर्ड वाचत होता. मग तो बोर्डाच्या मागे गेला, तिथलं गवत बघितलं, पुन्हा पुढे आला आणि पुन्हा वाचायला लागला.

"कोण पाहिजे?" मी विचारलं.

"मी नाथा. डोंगरीवरना आलंय. माळी हाय," तो म्हणाला. "बाग कुठं हाय?"

त्याने कागद दाखवला. नवीन आर्थिक वर्षापासून पूर्ण झालेल्या सर्व उद्यानांच्या देखभालीसाठी माळी नेमण्यात येत होते, आणि 'गुलमोहर छाया'मागील उद्यानासाठी नाथाची नेमणूक झाली होती. माझी एक प्रत आस्थापना विभागालाही गेली होती ना. तिथल्या माणसाने ती वाचली होती. सरकारी कचेरीत आपली प्रत कोणीतरी वाचतं, हा माझ्या आयुष्यातला मोठा धक्का होता.

मी त्याला खरं ते सांगितलं. नाथाने खांद्यावरची कुदळ खाली ठेवली.

"साहेब, सात वर्सं गटारावर काढली मी," तो म्हणाला. "आत्ता कुठं बाग मिलाली. बाग न्हाय असं लिवलंत तर मला परत गटारावर धाडतील. माझी हजेरी हितंच लागाया पायजे."

मी त्याच्याकडे बघितलं, बोर्डाकडे बघितलं, आणि माझ्यातला जावकवाला जागा झाला. मी त्या दिवशी ऑफिसला गेलो नाही. बावीस वर्षांत पहिली विनापरवानगी रजा. घरी जाऊन कागद घेतला आणि लिहिलं. 'विषय: पूर्ण झालेल्या उद्यानाच्या देखभालीबाबत. महोदय, सदर उद्यान आपल्या कार्यालयाच्या पत्रानुसार पूर्ण झालेले असून त्यामध्ये सध्या माती, झाडे, पाणी व कुंपण यांची कमतरता भासत आहे.' यात एक अक्षर खोटं नव्हतं. मसुदा असा असावा.

गुणवंतांनी तो वाचला. मग माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग मनीप्लँटकडे बघितलं.

"कमतरता म्हणजे दुरुस्ती झाली," ते शेवटी म्हणाले. "दुरुस्ती देखभालीत बसते. देखभालीचा निधी एप्रिलमध्ये ताजा असतो, अजून कोणी हात लावलेला नाही." आणि त्यांनी ते स्वतः उठून साहेबांकडे नेलं. साहेबांना सही करणं भाग होतं. बागच नाही म्हणावं, तर बाग पूर्ण झाल्याचं पत्र त्यांच्याच सहीचं होतं. मंगळवारी राडारोडा उचलायला ट्रक आला. बुधवारी तांबड्या मातीचे दोन ट्रक आणि तारांची गुंडाळी आली. म्हशींच्या मालकाने थोडी आरडाओरड केली, तेव्हा जयसुखभाईंनी त्याला साहेबांचं पत्र दाखवलं आणि तुमच्या म्हशी सरकारी बागेत कशा, असं उलट विचारलं.

बुधवारी संध्याकाळी अख्खी सोसायटी खाली जमली होती. माती पसरून झाली होती आणि नाथाला चालायची वाट आखायची होती. वाट सरळ आखायला दोर लागतो. कोणाकडे कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी, कोणाकडे पतंगाचा मांजा. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी लोकर आणली.

तेवढ्यात टक्-टक् ऐकू आलं. तुळसाबाई जिना उतरून आल्या होत्या. तीन मजले. पंचशीलाने धरलं होतं, पण पायऱ्या त्यांनीच मोजून घेतल्या होत्या. त्या मातीच्या कडेला उभ्या राहिल्या, वाकून चिमूटभर माती बोटांत चुरडली, आणि नाथाला म्हणाल्या, "आदी पानी मार, मग दाबून घे. कोरड्यात वाट टिकत न्हाई."

"दोर न्हाय आजी," नाथा म्हणाला. "दोराबिगर वाट वाकडी जायल."

मावशींनी बोटांची माती झटकली. मग सहादेवकडे वळल्या.

"वर जा. पेटीचा सोडून आन."

सहादेव नुसताच उभा राहिला. त्याला ऐकू आलं नाही की कळलं नाही, देव जाणे. मग तो असा धावला की जिन्यात त्याची चप्पल निघाली आणि ती त्याने घेतलीही नाही. दोर घेऊन आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. मी दुसरीकडे बघितलं. माझेही काही फार कोरडे नव्हते.

नाथाने दोराचं एक टोक जाहीर आभाराच्या बांबूला बांधलं, दुसरं कुंपणाच्या खांबाला, आणि वाट आखली. दुसऱ्या दिवशी जयंतीला निळे झेंडे लागले. मावशींनी नवं पांढरं लुगडं नेसून त्या वाटेवर अनवाणी सात फेऱ्या मारल्या, नाथाने मग कमरेच्या उंचीवर ताणून बांधलेल्या त्या दोराला एक हात लावून. आठवीला काठी नाथाकडे दिली. मी मोजत होतो.

एकोणीसची तिकिटं सहादेवने परत केली. पावसाळ्यात नाथाने करंज आणि कडुनिंब लावले, मावशींनी गावाहून बी मागवून कडेला शेवग्याची रोपं केली, आणि त्या दोघांचं रोज एकदा तरी भांडण व्हायचं. कचेरीने पुढे कुंपणही धड केलं. कारंजं आणि गोरी मुलगी मात्र अजून आलेली नाहीत. रविवारी दुपारी दोन ते चार पॅसेजमध्ये आता टाचणी पडली तरी ऐकू येईल, इतकी शांतता असते. मला झोप लागत नाही. मी उशी घेऊन खाली करंजाच्या बुडाशी जातो, तर तिथे नाथा आधीच झोपलेला असतो.

दोर मात्र पहिल्या पावसात भिजून जड झाला, तरी नाथाने सोडला नाही, कारण मावशी त्याला धरून चालायच्या. मग एकदा पाय चांगला झाल्यावर मीच त्यांना विचारलं, "मावशी, आता तुमचा दोर सोडून वर आणून देऊ का? पेटीला लागेल."

मावशी वाटेवर थांबल्या.

"राहू दे तिथंच," त्या म्हणाल्या. "पेटी उघडीच हाय. मला कुटं जायचंय?"